न्यायालयीन कर्मचारी (महाराष्ट्र) : भरती व सेवा

न्यायाधीशांखेरीज न्यायालयाचे दैनंदिन कामकाज चालवणारा सेवकवर्ग. जिल्हा व त्याखालील न्यायालयांत अधीक्षक, लघुलेखक, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक, नाझर, बेलिफ, शिपाई आणि हमाल ही मुख्य पदे असतात. तारखेला काय घडले याचा रोजनामा लिपिक ठेवतो. लघुलेखक न्यायाधीशांनी सांगितलेला आदेश उतरवून घेतो. बेलिफ समन्स बजावतो. पक्षकाराने ते घेण्यास नकार दिल्यास घराच्या दाराला चिकटवून न्यायालयाला तसा अहवाल देतो.

नियुक्तीचा अधिकार : उच्च न्यायालयातील नेमणुका संविधानाच्या अनुच्छेद २२९ प्रमाणे मुख्य न्यायमूर्ती किंवा त्यांनी नेमून दिलेले न्यायाधीश वा अधिकारी करतात. जिल्हा न्यायालयांवर अनुच्छेद २३५ अन्वये उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. नवी पदे व वेतन मात्र राज्य शासनाच्या मंजुरीवर अवलंबून असतात. माणूस निवडायचा न्यायसंस्थेने आणि पद मंजूर करायचे शासनाने, या विभागणीमुळे न्यायालयांची संख्या व काम वाढले तरी सेवकवर्ग त्या प्रमाणात आपोआप वाढत नाही.

भरती : रेणू विरुद्ध जिल्हा व सत्र न्यायाधीश, तीस हजारी (२०१४) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांतील नोकरभरतीलाही समान संधीची तत्त्वे लागू असल्याचे बजावले, जाहिरातीविना मागच्या दाराने होणाऱ्या नेमणुकांना त्यामुळे आळा बसला. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी २०२३ च्या अखेरीस एकत्रित जाहिरात निघाली. तीत लघुलेखकांची ५६८, कनिष्ठ लिपिकांची २,७९५ आणि शिपाई-हमालांची १,२६६ अशी एकूण ४,६२९ पदे होती. लिपिकाला पदवीबरोबरच मिनिटाला इंग्रजी ४० व मराठी ३० शब्दांचा टंकलेखनाचा वेग आवश्यक होता. शिपाई व हमालासाठी किमान सातवी उत्तीर्ण ही अट होती. चाळणी परीक्षेनंतर साफसफाई व चापल्याची चाचणी होती.

सेवेतील टिकाव : न्या. के. जे. शेट्टी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाने (१९९६) न्यायिक अधिकाऱ्यांबरोबर कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचाही विचार केला. कर्मचाऱ्यांविषयीच्या शिफारशी १ एप्रिल २००३ पासून लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. वरची पदे मोजकी असल्याने बढती रेंगाळते. तिची काहीशी भरपाई राज्याच्या आश्वासित प्रगती योजनेतून होते : १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते, पद मात्र तेच राहते. रुजू झाल्यावरही अनेक पदवीधर लिपिक स्पर्धा परीक्षा देत राहतात आणि दुसरीकडे निवड होताच राजीनामा देतात. लघुलेखकाची उणीव लगेच जाणवते, कारण त्याची जागा लिपिकाला भरून काढता येत नाही. न्यायाधीशांना आदेश स्वतःच टंकित करावे लागतात किंवा ते लांबतात. त्यामुळे निवड यादीबरोबर प्रतीक्षा यादीही करून ठेवतात. यादीची मुदत संपल्यावर रिक्त होणाऱ्या पदासाठी मात्र पुन्हा जाहिरातीपासून सुरुवात करावी लागते.