तोफ सुटली, कापूस चढला

दिवाळी तोंडावर आली की वऱ्हाडात कापसाचा हंगाम सुरू होतो. शेतात सीतादही होते, पहिली वेचणी घरात येऊन पडते आणि शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : हा कापूस बाजारात न्यायचा कसा, आणि केव्हा? पिकवणे हा शेतीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा वाहतुकीचा. राजे, लढाया आणि तह यांची टिपणे इतिहासकार अगत्याने ठेवतात. परंतु तोफ ओढणाऱ्या गाडीची कापूस वाहणारी मालमोटार कशी झाली, ही हकीकत त्यांच्या वहीत सहसा सापडत नाही. ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वऱ्हाडची वाहतूक आधी पाहू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. १८६७ मध्ये लोहमार्ग बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावी आले होते. पुढच्याच वर्षी बडनेरा-अमरावती फाटाही झाला. कारंज्याला १८८६ मध्ये नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या बाजारांसाठी खास कायदा करण्यात आला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन्ही दिशांना अरुंद रुळांची ‘शकुंतला’ धावू लागली. तात्पर्य, स्टेशनापासून मुंबईपर्यंतची सोय साहेबाने चोख केली.

पण शेतापासून स्टेशनापर्यंत काय? तिथे बंडी आणि बैलजोडी. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल! काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय चीज आहे, हे पूर्णेच्या खोऱ्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. चाक तीत रुतत नाही, ती चाकाला धरून ठेवते. मोटारी आल्या होत्या, पण त्या थोड्या. आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आल्यावर त्यांतल्या कित्येकांच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी लटकू लागली.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि एक नवाच प्रश्न उभा राहिला. जपानशी लढण्यासाठी हिंदुस्थानात आणलेल्या हजारो गाड्यांचे करायचे काय? एकट्या कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी गाड्या बांधल्या होत्या आणि त्यांतला मोठा वाटा ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांकडे आला होता. अमेरिकेचा इथे उरलेला माल मे १९४६ च्या करारान्वये हिंदुस्थान सरकारच्या हवाली झाला. मग सुरू झाली सरकारी विक्री. लोकांनी तिला ‘डिस्पोजल’ हे एकच नाव दिले. जीप, डॉज, शेव्हरोलेट, फोर्ड, जीएमसी असल्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या आणि व्यापारी, ठेकेदार, मोटारमालक खिशात हात घालून त्यांच्याभोवती फिरू लागले.

त्या गर्दीत एक बुटकी, चपट्या नाकाची गाडी होती. ती तोफ ओढणारी. अल अलामीनच्या वाळूत आणि इंफाळच्या डोंगरात असल्या गाड्यांनी पंचवीस पौंडी गोळ्यांच्या तोफा ओढल्या होत्या. तोफेचे वजन दीड टनाहून अधिक. शिवाय दारूगोळ्याची पेटी आणि तोफची मंडळी. गाडीच्या चारही चाकांना एंजिनाचा जोर मिळे आणि चिखलातून सुटण्यासाठी तारेचा दोर गुंडाळणारे रहाट अंगावरच बसवलेले असे. कॅनडाच्या फोर्डला ९५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे एंजिन, शेव्हरोलेटला ८५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे. चिखलाला भीक न घालणारी ही गाडी पाहून वऱ्हाडच्या माणसाला मोह पडावा, यात नवल ते काय?

मात्र इथेच मेख होती. ही गाडी ओढणारी होती, वाहणारी नव्हती. आपल्या भाषेत बोलायचे तर तोफगाडी म्हणजे बैल, आणि मालमोटारीला बैल आणि बंडी ही दोन्ही कामे एकाच देहाने करावी लागतात. तोफगाडीच्या पुढच्या व मागच्या आसांतले अंतर अवघे १०१ इंच, म्हणजे साडेआठ फुटांच्या आतच. त्याच घराण्यातल्या तीन टनी मालगाडीचे हेच अंतर १५८ इंच. मधले ५७ इंच कुठून आणायचे, हा सारा प्रश्न होता. त्या ५७ इंचांवर धंदा अवलंबून होता. कापसाची गाठ तेव्हा ३९२ पौंडांची धरीत. म्हणजे तीन टनांत सतरा गाठी. तोफगाडीच्या आखूड पाठीवर त्या रचाव्यात तरी कशा?

उत्तर दिले ते मिस्त्री, लोहार आणि सुतार या तिघांनी. आधी तोफगाडीची लोखंडी पेटी उतरवायची. मग सांगाड्याच्या दोन्ही लांब पट्ट्या मधोमध कापून मागचा आस मागे सरकवायचा आणि मधल्या जागेत नवे लोखंड घालायचे. नुसता सांधा जोडून भागत नाही. तो लाटेसारख्या रस्त्यावर फुटतो. म्हणून आतून दुहेरी पट्टी लावून लालभडक रिव्हेट ठोकायचे. बंडीच्या चाकावर तापलेली धाव चढवून ती पाण्याने आवळणाऱ्या लोहाराला तापल्या लोखंडाचा स्वभाव नव्याने शिकवावा लागत नव्हता.

सांगाडा वाढला की एंजिनाचा जोर मागे नेणारा दांडाही वाढवणे आले. पण लांब दांडा वेगात फिरताना दोरीसारखा झोके घेतो. म्हणून त्याचे दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग द्यायचे. मागच्या स्प्रिंगांना जादा पाटे घालायचे. रहाट काढायचे; पुढच्या चाकांचा जोर तोडायचा, म्हणजे पेट्रोल वाचते. पण ज्याला रानातून लाकूड आणायचे तो हे दोन्ही जपून ठेवी. शेवटी सुतार लाकडी हौदा बांधी, त्याला फाळके लावी आणि रंगारी ‘पब्लिक कॅरिअर’ ही अक्षरे काढी. पेट्रोलचा खर्च परवडेना तेव्हा काही मालकांनी जुने एंजिन उतरवून पर्किन्ससारखे डिझेल एंजिन बसवून घेतले.

या गाड्या इतकी वर्षे टिकल्या कशा? कारण साधे आहे. युद्धाचा वेष उतरवला की आत एंजिन ओळखीचेच होते. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेव्हरोलेट जोडत होता. त्यामुळे सुटे भाग मिळत आणि ते बसवणारे हातही तयार होते.

तथापि या कौतुकाला दुसरी बाजू आहे, ती लपवू नये. कापलेला सांगाडा जिवावर बेतू शकतो. ज्या आसावर पूर्वी माणसे आणि पेट्या बसत, त्यावर आता टनावारी ओझे आले. ब्रेक मात्र जुनेच. सपाट रस्त्यावर हे खपून जाते; चिखलदऱ्याच्या घाटात उतारावर खपत नाही. १९३९ च्या मोटार कायद्याने मालमोटारीला योग्यतेचा दाखला सक्तीचा केला होता, तो याचसाठी. आणि चालकाचे हाल वेगळेच. त्या चपट्या नाकाच्या गाडीत एंजिन त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेले असे. अकोल्याच्या वैशाखात बाहेर सूर्य आणि शेजारी भट्टी! मालकाचे भाडे वाढले, शेतकऱ्याचा वेळ वाचला, पण त्याची किंमत त्या आसनावरच्या माणसाने घामाने मोजली.

हे पर्व फार लांबले नाही. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल मालमोटारी बांधायला घेतल्या. त्याच सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथला गाशा गुंडाळला. लष्करानेही १९५९ पासून जबलपूरचा ‘शक्तिमान’ स्वीकारला. डिस्पोजलच्या गाड्या हळूहळू सपाटीवरून हटल्या. आसाम-केरळच्या रानांत लाकूड ओढत त्या पुढे कित्येक वर्षे राहिल्या. आजचा कायदा तर कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत असला बदल करूच देत नाही. ते योग्यच आहे. रस्त्यावर चालणाऱ्या इतरांचाही जीव आहे.

मग या हकीकतीचे आज प्रयोजन काय? युद्ध संपल्यावर शस्त्रे मोडून नांगर करण्याचे स्वप्न सर्वच देशांनी पाहिले. आपल्या सरकारनेही अमेरिकन फौजेचे उरलेले ट्रॅक्टर कांसाने माजलेली जमीन नांगरायला लावले. त्या कामाची दफ्तरे झाली, अहवाल छापले गेले. मालमोटारीचे काम मात्र ज्यांनी केले त्यांच्याजवळ ना नकाशे होते, ना पदव्या. मधल्या ५७ इंचांचे गणित त्यांनी खडूने जमिनीवर मांडले, आणि काम झाल्यावर ते झाडूने पुसले गेले. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास लिहिताना लॉर्ड मेयोचे नाव येते, ते येऊ द्यावे. पण मेयोसाहेबाच्या रुळांपर्यंत कापूस पोहोचवणाऱ्या त्या निनावी हातांसाठीही एखादी ओळ राखून ठेवावी.