आत्याचा वात

मागे एकदा ऐन दिवाळीच्या तोंडावर आमची आत्या आजारी पडली. वय ८१, पण त्या सकाळपर्यंत अनारशाच्या तांदळाचे पाणी तीच बदलत होती. लघवीच्या जंतुसंसर्गाने हुडहुडी भरली म्हणून तिला रुग्णालयात नेले. शिरेतून प्रतिजैविक औषध सुरू झाले आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आम्ही निर्धास्त झालो.

चौथ्या दिवशी तिने मला माझ्या आजोबांच्या नावाने हाक मारली. भिंतीवरून मुंग्यांची रांग चालली आहे, ती पुसून काढ, म्हणाली. भिंत स्वच्छ होती. तिची बोटे मधूनमधून आपोआप उडत होती. संध्याकाळी ती बोलेनाशीच झाली; डोळे उघडे, पण ओळख नाही.

“वात झालाय त्यांना. वयच झालं की हो!” शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, आणि आम्ही माना डोलावल्या. ‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ८१व्या वर्षी बुद्धी कुठे गेली याची चौकशी करावी असे कोणाला वाटतही नाही. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारले, “इथे आणलं तेव्हा यांना भान होतं?”

“होतं तर! फराळाला किती तूप लागेल ते सांगत होती.”

“मग हे वयाचं नसावं,” असे म्हणून त्या औषधांचा तक्ता चाळू लागल्या.

मी इतिहासाचा मास्तर. जुने कागद उकरण्याची खोड जात नाही. आत्या घरी आल्यावर मी या औषधांची वंशावळ धुंडाळली, आणि त्या कथेतले मुख्य पात्र मेंदू नसून मूत्रपिंड आहे असे पाहून चकित झालो.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ रुग्णालयात आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिन टोचले गेले. जगातला सारा साठा तेव्हा चिमूटभर. मूत्रपिंडे ते औषध काही तासांत बाहेर टाकीत. म्हणून त्याची लघवी जमवून, तिच्यातून पेनिसिलिन परत काढून, त्यालाच पुन्हा टोचीत! तरी ते पुरले नाही, आणि मार्चमध्ये बिचारा वारला. हे औषध अंगात टिकत नाही, ही त्या काळची मोठी तक्रार. ज्याच्या अंगात ते टिकून राहते त्याचे काय होते, हा प्रश्न पुढचा.

त्याची पहिली चाहूल लवकरच लागली. १९४५ मध्ये जॉन्सन आणि वॉकर या अमेरिकन डॉक्टरांनी इशारा दिला, की पेनिसिलिन थेट मेंदूच्या पोकळीत सोडले तर झटके येतात. मेंदूत उत्तेजनाला लगाम घालणारे ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. पेनिसिलिन आणि त्याची भावंडे त्याच्या कामात आडवी येतात, हे मागाहून उलगडले. शिरेतून दिलेल्या औषधाचा फार थोडा अंश मेंदूपर्यंत पोचतो. पण मूत्रपिंडे थकली की रक्तातले औषध साचत जाते, आणि तो अंशही वाढतो.

१९५२ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनने तोल गमावलेल्या एका डॉक्टरनेच आपली कहाणी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. नाडीच्या ठोक्यासरशी पुस्तकातली अक्षरे उडत, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके घट्ट धरून वाची. रोगी डॉक्टर होता, म्हणून त्याचे ऐकले गेले. एखादी आजी भिंतीला धरून चालू लागली, तर कोण विचारतो?

आता आत्याचा कागद. तिचे क्रिएटिनिन १ होते, म्हणजे अहवालात अगदी ठीक. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. म्हातारपणी स्नायूच झिजलेले, तेव्हा आकडा साळसूद दिसतो. १९७६ मध्ये कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी मांडलेले गणित सोपे आहे: १४० मधून वय वजा करा, वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा, आणि बाई असेल तर येणाऱ्या उत्तराचे ८५ टक्के धरा. आत्याचे वजन ४८ किलो. उत्तर आले सुमारे ३३. त्याच वजनाच्या आणि त्याच अहवालाच्या तिशीतल्या बाईचे येते ६२. आत्याला मात्रा मिळत होती ती या दुसऱ्या बाईची.

औषध होते सेफेपीम. जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्याविषयी सावध केले होते, की मूत्रपिंडे दुबळी असून मात्रा कमी न केल्यास अंग न झटकता मेंदूतल्या मेंदूत झटके चालू राहू शकतात. रोगी नुसता गुंगलेला दिसतो. खरा प्रकार मेंदूच्या विद्युत-आलेखावरच कळतो. आत्याचा आलेख दुसऱ्या सकाळी काढला, तो तसाच निघाला.

प्रतिजैविक मात्र नकोच, असे कोणी समजू नये. त्या औषधावाचून आत्या तापातच गेली असती. डॉक्टरीणबाईंनीही उपचार सोडला नाही; सेफेपीम थांबवून दुसरे औषध बेताच्या मात्रेत दिले, आणि झटक्यांवरचे निराळे.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी खुर्चीत पेंगत होतो. आत्याने माझे नाव घेतले. माझेच. मग म्हणाली, “अरे, अनारशाच्या तांदळाचं पाणी बदललं का रे कुणी?”

कोणीच बदलले नव्हते.