गुप्तरोग, कायदा आणि कसोटी

भायखळ्यास १८४५ सालीं सर जमशेदजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यक महाविद्यालय हीं सुरू झालीं. त्या काळीं उपदंश म्हणजे ‘गरमी’ आणि पूयप्रमेह म्हणजे ‘परमा’ हे रोग जंतूंपासून होतात, हें कोणास ठाऊक नव्हतें. सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या ‘भावप्रकाशां’त उपदंशास ‘फिरंग’ म्हटलें आहे. रोग परकीयांनीं आणला ही समजूत त्या नांवांतच दिसते.

गोऱ्या शिपायांचें आरोग्य राखण्यासाठीं सरकारनें १८६८ मध्यें सांसर्गिक रोगांचा कायदा केला. तो १८७० मध्यें मुंबईस लागू झाला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनीं नांव नोंदवावें, ठराविक मुदतीनें तपासून घ्यावें आणि रोग दिसल्यास रुग्णालयांत अडकून राहावें, असा तो नियम. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी मात्र त्यांत नव्हती!

अन्यायाबरोबर त्यांत अज्ञानहि होतें. तपासणी नुसत्या डोळ्यांनीं होई. परमा झालेल्या पुष्कळ स्त्रियांत कोणतेंच बाह्य लक्षण नसतें. उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाहीं, आपोआप भरून येतो आणि रोग आंत राहतो. परम्याचा जंतु नायसर यांना १८७९ मध्यें आणि उपदंशाचा शाउडिन व हॉफमन यांना १९०५ मध्यें सांपडला. म्हणजे शत्रूची ओळख पटण्यापूर्वींच शिक्षा सुरू झाली होती. मुंबईंत हा कायदा १८७२ मध्यें थांबला, १८८० मध्यें पुन्हां आला आणि १८८८ मध्यें रद्द झाला.

वासरमन यांच्या १९०६ सालच्या रक्तपरीक्षेनें लपलेला उपदंश उघडकीस येऊं लागला. एर्लिख व हाता यांचें सॅल्व्हरसन १९१० मध्यें बाजारांत आलें. महोनी यांनीं १९४३ मध्यें अमेरिकेंत चार रुग्णांना पेनिसिलिन दिलें; १९५४ मध्यें त्याच औषधासाठीं पुण्याजवळ पिंपरीस सरकारी कारखाना स्थापन झाला. इकडे गिरगांवांतून र. धों. कर्वे यांनीं १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत हा विषय मराठींत उघडपणें मांडला होता.

आजहि उपदंश पेनिसिलिननें बरा होतो. परम्याचे जंतु अनेक जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत, म्हणून त्यावर बहुधा सेफ्ट्रिआक्सोनचें इंजेक्शन देतात. पतिपत्नींपैकीं एकानेंच औषध घेतलें तर रोग पुन्हां जडतो. गरोदर स्त्रीच्या रक्ताची वेळींच परीक्षा केल्यास पोटांतील मूल उपदंशापासून वांचतें. १८६८ च्या कायद्यानें एकाच बाजूस तपासलें. आजचें वैद्यक दोघांनाहि बोलावतें. श्रोत्यांनीं लाज बाजूस ठेवून तें बोलावणें स्वीकारावें.