जहाजातील लाकडी ढलप्यांची उतराई

कागदाचा लगदा तयार करण्यासाठी यंत्राने कापलेले लाकडाचे लहान तुकडे म्हणजे ढलप्या; बंदरात त्यांना ‘वूड चिप्स’ म्हणूनच ओळखतात. साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर लांबीच्या व काही मिलिमीटर जाडीच्या या ढलप्या पोत्यांत न भरता सुट्याच जहाजात ओतल्या जातात. निलगिरी आणि ॲकेशिया हे त्यांचे प्रमुख वृक्ष होत. व्हिएतनाम हा मोठा निर्यातदार, तर चीन व जपान हे मोठे खरेदीदार आहेत. गोव्यातील मुरगाव बंदरातही हा माल हाताळला गेला आहे.

हलका माल, खोल जहाज

एक टन ढलप्यांना सुमारे अडीच घनमीटर जागा लागते. कोळशाला याच्या जवळपास निम्मी पुरते. त्यामुळे सामान्य मालवाहू जहाज पुरेसा भार येण्यापूर्वीच काठोकाठ भरते. या अडचणीवर उपाय म्हणून जपानने १९६४ मध्ये ‘कुरे मारू’ हे खास ढलप्यांसाठीचे जहाज बांधले. अशा जहाजांचे मालकक्ष खोल व प्रशस्त असतात. डेकवर क्रेन, हॉपर आणि लांबच लांब कन्व्हेयर पट्टा अशी स्वतःची सामग्री असते.

उतराईचा क्रम

जहाज धक्क्याला लागले की ते पाण्यात किती बुडाले आहे, हे त्याच्या बाजूवरील खुणांवरून वाचतात. उतराई संपल्यावर पुन्हा वाचन होते आणि दोहोंच्या फरकातून मालाचे वजन काढले जाते. ताज्या ढलप्यांच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. म्हणून उतराई चालू असतानाच नमुने घेऊन ते भट्टीत वाळवतात आणि कोरड्या वजनावर किंमत ठरवतात.

त्यानंतर मालकक्षाची झाकणे उघडतात. क्रेनचा जबड्यासारखा ग्रॅब ढलप्या उचलून हॉपरमध्ये सोडतो आणि तेथून त्या पट्ट्यावरून किनाऱ्यावरील साठ्याकडे जातात. जेथे पट्ट्याची सोय नाही, तेथे धक्क्यावरील हॉपरखाली ट्रक उभे करतात. ग्रॅब फार उंचावरून उघडल्यास भुसा वाऱ्यावर उडतो, म्हणून तो शक्य तितका खाली नेऊन उघडावा लागतो.

तळाशी थोडा माल उरला की क्रेननेच बुलडोझर आत उतरवतात. तो कोपऱ्यांतील ढलप्या मध्यभागी लोटतो. मात्र त्याच्या वजनाखाली चिरडलेल्या ढलप्यांचा चुरा होतो आणि तो लगद्याला फारसा उपयोगी पडत नाही. शेवटची झाडलोट कामगारांच्या हातांनीच होते.

न दिसणारा धोका

याच टप्प्यावर माणसे जहाजाच्या पोटात उतरतात. बंद मालकक्षातील लाकूड प्रवासभर हवेतील प्राणवायू शोषत असते आणि कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू साचू शकतात. त्यांना ना रंग, ना वास. झाकण उघडल्याने वरची हवा बदलते; लगतच्या बंद जिन्यातली हवा बदललेलीच असते असे नाही. २००६ मध्ये स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग बंदरात ‘सागा स्प्रे’ या जहाजावर असेच घडले. माल लाकडी गोळ्यांचा होता. मालकक्षालगतच्या जिन्यात उतरलेल्या एका खलाशाचा मृत्यू झाला आणि एक गोदी कामगार गंभीर जखमी झाला.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुट्या घनमालविषयक संहितेनुसार, हवेची तपासणी होऊन प्राणवायूचे प्रमाण पूर्ववत असल्याची खात्री पटेपर्यंत मालकक्षात किंवा लगतच्या बंद जागेत उतरण्यास मनाई आहे. पंधरा टक्क्यांहून कमी ओलावा असलेल्या ढलप्या सहज पेट घेतात, याचीही संहितेने नोंद घेतली आहे. किनाऱ्यावरील ढीगही आतून तापतात. म्हणून जुना माल आधी उचलणे श्रेयस्कर ठरते.

आत कोणी कोसळलेले दिसताच श्वसनसाधनाविना मदतीला धावणारा स्वतःच दुसरा बळी ठरण्याचा धोका असतो. वायुमापकाने तपासणी करण्यास लागतात ती काही मिनिटेच. उतराई मात्र अनेक दिवस चालते.