उतरविण्याची व्यवस्था : नांदेड-लातूरचे आकाश आणि भूकक्षेतील अवशेष

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून हिवाळ्याच्या दिवसांत, बहुधा रात्री, हायड्रोजनने भरलेले पॉलिएथिलीनचे प्रचंड फुगे सोडले जातात. ते ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात व वाऱ्याबरोबर दूर वाहत जातात. यासंबंधीची आगाऊ सूचना ज्या जिल्ह्यांना दिली जाते त्यांत नांदेड व लातूर यांचाही समावेश असतो. प्रयोग संपताच उपकरणे फुग्यापासून विलग करून रंगीत हवाई छत्रीने खाली सोडतात. ती सापडल्यास न उघडता पोलीस ठाण्यास कळवावे, कळविणाऱ्यास बक्षीस व खर्च मिळेल, असा सूचनेचा आशय असतो. अशा पेटीस कोणी कचरा म्हणत नाही. तिला धनी आहे आणि तिची वाट पाहणारेही आहेत.

२ एप्रिल २०२२ च्या सायंकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, त्याची मात्र कोणतीही पूर्वसूचना नव्हती. आकाशातील प्रकाशरेषांना अनेकांनी प्रथम उल्काच मानले. पुढे तज्ज्ञांनी हे अवशेष २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी चांग झेंग अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा निष्कर्ष काढला.

या दोन वस्तूंतील भेद केवळ उंचीचा नव्हे. फुगा वाऱ्याच्या गतीने चालतो. खालच्या भूकक्षेतील वस्तू सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर धावते. तिला गाठावयाचे तर तिचीच कक्षा व तिचाच वेग साधावा लागतो. कक्षेची पातळी बदलण्यात इंधन फार खर्ची पडते. शिवाय निकामी टप्पा गरगरत असतो आणि त्याला धरावयास मूठ नसते. २०१८ मध्ये जाळे टाकून लक्ष्य पकडण्याचा प्रयोग युरोपीय संशोधकांनी यशस्वी केला खरा, परंतु ते लक्ष्य त्यांनी स्वतःच सोडलेले होते!

म्हणून भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे अलीकडील प्रयत्न अधिक बोलके वाटतात. २०११ मध्ये सोडलेला मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह नियंत्रित अवतरणासाठी घडविलेला नव्हता. तथापि उरलेल्या इंधनाच्या बळावर त्याची कक्षा टप्प्याटप्प्याने खाली आणून ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरावर वातावरणात उतरविण्यात आले. पुढे १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणातील अखेरचा टप्पा ६५० किलोमीटरांवरून ३५० किलोमीटरांवर आणला गेला, आणि २१ मार्च रोजी त्याने उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात प्रवेश केला.