चलच्चित्रांचे लिप्यंतर



इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रुमालात बांधलेली दप्तरे उभी राहतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतच्या काळातील मोडी पत्रे बाळबोधीत उतरून वाचकांच्या हाती आली. ती तशी उतरली नसती, तर मोडी न शिकलेल्या पुढच्या पिढ्यांना मुकीच राहिली असती. कागद शाबूत आहे, पण वाचता येत नाही, ही अवस्था कागद जळून जाण्याहून फारशी निराळी नव्हे. आज मी ज्या साधनांविषयी बोलणार आहे ती जेमतेम पस्तीस वर्षांची आहेत. पण त्यांच्यापुढे प्रश्न हाच आहे. ही साधने म्हणजे संगणकावरील जुनी चलच्चित्रे.

अशा चलच्चित्राच्या फाइलीत दोन गोष्टी असतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एक पेटी, आणि दुसरी त्या पेटीतील मजकुराची लिपी. अ‍ॅपल कंपनीने डिसेंबर १९९१ मध्ये क्विकटाइम आणले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९९२ मध्ये एव्हीआय ही पेटी रूढ केली. पेटीच्या आत सिनेपॅक, इंडिओ, पुढे सोरेन्सन अशा निरनिराळ्या लिप्या नांदत. म्हणूनच दोन फाइलींची नावे 'एव्हीआय'नेच संपतात, आणि तरी एक चालते, दुसरी चालत नाही. पेटी ओळखीची असते, लिपी परकी असते.

ही लिपी मुळात लागते कशासाठी? १९९३ साली निघालेल्या व्हिडिओ सीडीचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे कित्येक घरांत लग्नाची अशी तबकडी कपाटात पडून आहे. तिच्यातील एकेक चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. ती जशीच्या तशी नोंदली तर सेकंदाला तीन कोटींहून अधिक अंक लागतील. तबकडीवर चित्रासाठी जागा साडेअकरा लाखांची. म्हणजे सव्विसातला एक भाग ठेवायचा आणि बाकीचे सोडायचे! त्यासाठी एमपेग-१ ही लिपी चित्राचे लहान लहान चौकोन पाडते, आधीच्या चित्रासारखा जो भाग असेल तो पुन्हा लिहीत नाही, आणि डोळ्याला सहज जाणवणार नाहीत असे बारकावे टाकून देते. वधूच्या शालूचा काठ पडद्यावर चौकोनांत विरघळतो तो यामुळे. टाकलेले ते बारकावे पुन्हा परत येत नाहीत.

आता खरी मेख येथे आहे. ही तबकडी कोणी दुसऱ्या लिपीत उतरवून घेतो, पुढे फ्लॅशच्या पेटीत भरतो, फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपले म्हणून तिसरीकडे नेतो. दर वेळी नवी लिपी आपल्या सोयीने पुन्हा काही बारकावे टाकते. नकलेची नक्कल करणाऱ्या कारकुनाच्या हातून जसे एक अक्षर आज गळते आणि एक उद्या, तसेच हे. प्रत्येक प्रत चालते. मात्र प्रत्येक प्रतीत थोडे कमी असते.

या व्यवहाराचा सर्वांत बोलका दाखला संगणकावरील चलच्चित्रांच्याही आधीचा आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चे यात्री चंद्रावर उतरले. तेथून येणारे चित्र सेकंदाला दहा, आणि ३२० रेषांचे होते. अमेरिकेच्या दूरचित्रवाणीला सेकंदाला तीस चित्रे आणि ५२५ रेषा लागत. तेव्हा भूस्थानकावर एका पडद्यावर ते चित्र उमटवून त्याच्यासमोर दुसरा कॅमेरा लावण्यात आला, आणि त्या कॅमेऱ्याने टिपलेले चित्र जगाने पाहिले. रूपांतर झाले म्हणून पाहता आले, हे खरे. पण मूळ चित्र त्याहून स्पष्ट होते, हेही खरे. मूळ संदेश वेगळ्या फितींवर नोंदला होता. पुढे त्यांचा शोध घेण्यात आला, तेव्हा २००९ साली नासाने सांगितले की, फितींची टंचाई पडल्यामुळे त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. मनुष्याच्या चंद्रावरील पहिल्या पावलाची उत्तम प्रत गेली ती आगीत नव्हे, वाळवीने नव्हे. रूपांतर हाती आहे, आता मूळ कशाला, या समजुतीने गेली.

याचा अर्थ रूपांतर करूच नये असा कोणी घेऊ नये. न करण्यात धोका अधिक आहे. एमपेग-१ चा लेखी नियम सर्वांना उपलब्ध होता, म्हणून ती लिपी आजही वाचता येते. ज्या लिप्यांची किल्ली एकाच कंपनीच्या खिशात होती, त्या कंपनीच्या मर्जीबरोबर निराधार झाल्या. २०१९ साली मॅकच्या नव्या प्रणालीतून सोरेन्सनचा आधार गेला. अशा वेळी फाब्रिस बेलार या फ्रेंच तज्ज्ञाने २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा कार्यक्रम कामास आला. त्यात हातभार लावणाऱ्यांनी कित्येक अप्रकाशित लिप्या, त्यांचे नमुने तपासून तपासून उलगडल्या. हे काम शिलालेख वाचणाऱ्याच्या जातीचेच म्हणावे लागेल.

तेव्हा ज्याच्या घरी जुनी चलच्चित्रे आहेत त्याने काय करावे? आधी पेटी आणि लिपी यांचा विवेक करावा. तबकडीवरच्या 'डॅट' नावाच्या फाइलीत आत एमपेग-१ च असते; लिपीला हात न लावता नुसती पेटी बदलता येते, आणि त्यात एक ठिपकाही हरवत नाही. लिपी बदलणे भागच असेल, तर रूपांतर एकदाच आणि थेट मुळावरून करावे, नकलेवरून नव्हे. आणि लिपी अशी निवडावी की जिचे नियम जगजाहीर आहेत. शेवटी, नवी प्रत झाली म्हणून जुनी टाकू नये. तबकडीही झिजते, म्हणून तिच्यातील फाइल जशीच्या तशी दोन ठिकाणी उतरवून ठेवावी.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून कागदपत्रे छापली, आणि मूळ कागदही जपले; कारण छापील अक्षरात मजकूर उतरतो, पण हाताचे वळण, शिक्का आणि खाडाखोड उतरत नाही. तुमच्या-आमच्या कपाटातील तबकडीत आजीचे चालणे आहे, आजोबांचा आवाज आहे. तो वाचवण्यासाठी लिप्यंतर जरूर करावे; मात्र दप्तर जाळून नव्हे.