राजदूत 350 : वेग आला, ब्रेक मागे राहिला



1983 साल म्हटले की लोकांना दोन गोष्टी आठवतात. जूनमध्ये लॉर्ड्सवर कपिलदेवने उचललेला विश्वचषक आणि डिसेंबरमध्ये रस्त्यावर आलेली मारुती 800. त्याच वर्षी तिसरीही एक गोष्ट आली होती, पण ती फक्त त्या वेळच्या तरुणांच्या लक्षात राहिली. ती म्हणजे राजदूत 350. आज तिच्याबद्दल लिहायचे कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच.

तेव्हा स्पोर्ट्स कार म्हणजे आपल्यासाठी सिनेमात बघायची वस्तू. साधी फियाट घ्यायची तरी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. बजाज स्कूटरचीही तीच गत. वेगाची हौस भागवायची तर दोन चाकांवरच. त्यातही बुलेटची ताकद 18 अश्वशक्ती, आणि राजदूत 175 तर खेड्यापाड्यांत दूधवाल्यांची गाडी म्हणून ओळखली जायची. अशात एकदम साडेतीस अश्वशक्तीची मोटारसायकल आली! मारुतीच्या इंजिनाची ताकद चाळिसाच्या आत, तिचे स्वतःचे वजन सहाशे किलोंच्या वर, शिवाय आत चार-पाच माणसे. इथे दीडशे किलोंच्या आसपासची गाडी आणि वर एकटा पोरगा. आता करा हिशेब.

गाडी मूळची जपानच्या यामाहाची, आर.डी. 350. अमेरिकेत ती 1973 मध्ये आली आणि 1976 मध्ये तिच्या जागी आर.डी. 400 आलीसुद्धा. पुढे धुराचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक गाडी तिकडे मागे पडली. आपल्याकडे एस्कॉर्ट्सने परवाना घेऊन फरिदाबादला ती बनवायला घेतली ती 1983 मध्ये. जगाला दहा वर्षांची जुनी झालेली गाडी आपल्याला नवी कोरी होती. 347 सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन आणि सहा गिअर, सगळे तसेच आले. फक्त एक गोष्ट तशी आली नाही. परदेशातल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्या गाडीला किंमत आवाक्यात राहावी म्हणून दोन्ही चाकांना ड्रम बसवले.

मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पळण्याची ताकद पूर्ण आणली आणि काटकसर केली ती थांबण्यात! पोरांनी आर.डी.चा अर्थ ‘रॅपिड डेथ’ असा लावला तो उगाच नव्हे. नंतर मायलेज वाढावे म्हणून ताकद 27 अश्वशक्तीपर्यंत उतरवली, तरी आपल्या माणसाला ती परवडली नाही. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हाच प्रश्न मोठा ठरला. त्याच वर्षी आलेल्या हलक्या आर.एक्स. 100 ने वेगाची हौसही स्वस्तात भागवली. 1990 च्या सुमारास राजदूत 350 बंद पडली. आज तीच गाडी हौशी लोक शोधत फिरतात.

आता घरगुती कारण. आमच्या नात्यातल्या एका नातवाकडे मामांची ही जुनी गाडी आली आहे. वय एकोणीस, लायसन्स आहे, आणि शहाद्याहून नंदुरबारला कॉलेजला रोज हिच्यावरच जायचे म्हणतो. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. आजीचे म्हणणे, विकून टाका. मामांचे म्हणणे, उभी ठेवली तर सडेल. मामांचे बरोबर आहे, जुने यंत्र चालते तोवरच चांगले राहते. पण आजीची भीतीही खोटी नाही.

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, घोड्यांचा बाजार भरतो तो सगळ्यांना माहीत आहे. नवखा माणूस घोडा पळतो कसा ते बघतो. जाणता माणूस लगाम ओढल्यावर तो उभा कसा राहतो ते बघतो. नातवा, तू जाणत्यासारखा वाग.

आधी ब्रेक. लायनर आणि केबल नवीन टाक. ड्रममध्ये पाणी गेले की ब्रेक धरत नाही, म्हणून पावसात पुढच्या वाहनापासून दुप्पट अंतर ठेव. मग टायर. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टायर कितीही गुळगुळीत नसला तरी रबर जुने झाले की कडक होते आणि रस्ता सोडते.

टू-स्ट्रोक गाडीला रेस सोडली की इंजिनचा अटकाव फार कमी मिळतो, सगळा भार ब्रेकवर येतो. तोरणमाळचा घाट उतरताना हे विसरू नकोस. उतारावर रेस फार वेळ पूर्ण बंद ठेवली तर इंजिनाला तेलही कमी पोचते, म्हणून मधूनमधून थोडी रेस द्यावी. इंजिन जाम होऊन मागचे चाक लॉक झाले तर त्याच क्षणी क्लच दाबायचा. ही सवय बोटांना आधीच लागलेली हवी.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. ते तपासत राहा, आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नकोस. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तो कागद, विमा आणि पीयूसी जवळ असू दे. हेल्मेट डोक्यात, आरशाला टांगलेले नको.

आणि आपला रस्ता. उसाच्या हंगामात प्रकाशाच्या आसपास बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या चालतात, कित्येकांना मागे दिवा नसतो. या गाडीचा हेडलाइट चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा अंधार पडायच्या आत घरी. सर्वांत महत्त्वाचे, ज्या दिवशी उशीर झाला असेल त्या दिवशी ही गाडी काढायची नाही. एस.टी.चा पास काढून ठेव. घाई झालेल्या माणसाला ही गाडी पटकन हो म्हणते, तिचा धोका तोच आहे.

थोडे वडीलधाऱ्यांसाठीही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. आमचा नातू अठरा पूर्ण आहे, पण त्याच्या मागचे भाऊ पंधरा-सोळाचे आहेत आणि किल्ली खुंटीवर लटकत असते. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. दोन तरुण इंजिनीअर गेले. त्यांच्या आई-वडिलांना कायद्याचे कलम काय समजावणार?

तेव्हा माझे मत असे. गाडी विकू नये. ब्रेक आणि टायर नवे होईपर्यंत बाहेर काढू नये. त्यानंतर दोन महिने मामांनी सोबत दुसऱ्या गाडीवर यावे, आणि किल्ली खुंटीवरून काढून कपाटात ठेवावी.